साखळीची फोड

माझ्या धाकट्या दिरांनी शिकवणे का सोडले, हे मला आजही कोणी ना कोणी विचारते. वय झाले, गुडघे धरले, असे मी सांगते आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. गुडघे त्यांचे शेवटपर्यंत उत्तम होते. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी सोडले, एकोणसत्तराव्या वर्षी ते गेले, आणि मधल्या बारा वर्षांत त्यांनी एकदाही हात उगारला नाही, डास मारायलासुद्धा नाही. जे झाले ते बरेचसे माझ्यासमोर झाले आणि त्या त्या दिवशी मी ते लिहून ठेवले आहे, म्हणून सांगते.

भावजी मनोरुग्णालयात भांडारपाल होते. चादरी, अभ्रे, साबण आणि कुलपे त्यांच्या ताब्यात असत. चार वाजता ते सुटत आणि पाच वाजता शाळेच्या व्यायामशाळेत साखळी शिकवायला उभे राहत. साखळी म्हणजे चोपन्न हालचालींचा एक ठरलेला क्रम. हत्यार नाही, जोडीदार नाही. समोर नसलेल्या माणसाचा वार अडवायचा, समोर नसलेल्या माणसाला ठोसा द्यायचा, आणि शेवटी सुरुवात केली होती तिथेच येऊन उभे राहायचे. भावजींना ती त्यांच्या सरांनी शिकवली, सरांना त्यांच्या सरांनी. प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. "करत राहा, कळेल," एवढेच सर म्हणत. सर वारले तेव्हा भावजींना साखळी करायला लागून चौदा वर्षे झाली होती आणि त्यांना काही कळलेले नव्हते.

बघणाऱ्याला तो नाच वाटे. आमच्या ह्यांना तर नक्कीच वाटे. भावजी घामाघूम होऊन घरी आले की हे वर्तमानपत्रातून डोके न काढता विचारत, "आज कोणाला लोळवलंस?"

"कोणाला नाही, दादा."

"हवा बरी आहे ना? फार लागलं नाही ना तिला?"

भावजी हसत, पण त्यांना ते लागत असे. त्यांनी लग्न केले नाही, सिनेमे पाहिले नाहीत, सुटीत कुठे गेले नाहीत. जे काही होते ते त्या चोपन्न हालचालींत होते, आणि त्यांत खरोखर काही आहे की नाही हेच त्यांना ठाऊक नव्हते.

मग त्यांच्या एका विद्यार्थ्याने मार खाल्ला. हा बँकेत कारकून होता, सहा वर्षे साखळी करत होता. बसच्या रांगेत कोणाशी तरी बाचाबाची झाली आणि समोरच्याने त्याचे दोन दात पाडले. सुजलेले तोंड घेऊन तो आमच्याकडे आला. भावजींनी विचारले, "तू काय केलंस?"

"काही नाही, सर. मूठ कमरेला लावून उभा राहिलो. पण कुठल्या नंबरापासून सुरू करायचं तेच कळेना."

ह्यांना हसू आवरेना, ते उठून आत गेले. भावजी मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाड वही आणून माझ्यापुढे ठेवली. त्यांचे अक्षर वाईट होते. मला मिशनच्या शाळेत सिस्टरांनी सांगितलेला मजकूर शब्द न बदलता उतरवून घ्यायला शिकवले होते, ते त्यांना माहीत होते. "वहिनी, आपण साखळीची फोड करू या," ते म्हणाले. "एकेक हालचाल घ्यायची. ही कशासाठी आहे? समोरच्यानं काय केलं तर हिचा उपयोग? ते समजल्याशिवाय पुढे जायचं नाही."

एकोणीस वर्षे आम्ही फोड करत होतो. रविवारी सकाळी, जेवणाचे टेबल भिंतीला सरकवून. भावजी म्हणत, "वहिनी, मनगट धरा. घट्ट. भाजीवाल्यानं जुडी धरावी तसं नको." मी धरायची, ते सोडवायचे, मग मी पदर खोचून लिहायला बसायची. बारावी हालचाल, म्हणजे खाली वाकून दोन्ही हात फाकणे: कोणी कंबरेला मिठी मारली तर. बाविसावी, म्हणजे कोपर वर नेऊन आडवे आणणे: कोणी केस धरले तर. माझ्या कोपरावर त्या वर्षांत कायम एक हिरवा डाग असे. हे म्हणत, "शेजाऱ्यांना वाटेल मीच मारतो."

एकतिसाव्या हालचालीने अकरा वर्षे घेतली. पहिल्या तीस हालचाली सरळ रेषेत पुढे जातात. एकतिसाव्याला दोन्ही हात कपाळापर्यंत वर जातात, उजवा पाय मागे सरतो, आणि सगळे अंग गर्रकन उलटे वळते. म्हणजे ज्याच्याशी लढतो आहोत त्यालाच पाठ दाखवायची. का? काही जण म्हणत, मागून दुसरा शत्रू येतो. भावजींना ते पटत नसे. ते म्हणत, "साखळीत शत्रू एकच आहे आणि तो समोर आहे. पाठ फिरवण्यात काहीतरी डाव आहे. उगीच कोणी पाठ फिरवत नाही."

डाव त्यांना सापडला तो दिवस माझ्या रोजनिशीत लाल शाईने आहे. समोरच्याने दोन्ही हातांनी गळा किंवा कपडे धरले असतील, तर हात वर नेऊन त्याची मनगटे आपल्या दोन हातांमध्ये पकडायची, पाय मागे घ्यायचा आणि वळायचे. त्याचे हात पिळले जातात, आपली कंबर त्याच्या पोटाखाली येते आणि तो आपल्यावरून पुढे पडतो. त्यांनी ते माझ्यावर हळूहळू केले, मी गादीवर पडले. ह्यांच्यावर केले, हेही पडले. आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. विद्यार्थ्यांवर केले, सगळे पडले. भावजींच्या डोळ्यांत पाणी होते. "सरांना माहीत असणार," ते म्हणत राहिले. "त्यांना माहीत होतं आणि त्यांनी सांगितलं नाही."

आज मला दिसते की आम्ही सगळे पडलो, कारण कुठे पडायचे आहे ते आम्हाला ठाऊक होते.

त्यानंतर दोन वर्षांनी, माझे यजमान गेले त्याच वर्षी, रुग्णालयात एका रुग्णाने दोन कर्मचाऱ्यांना जबर मारले. अधीक्षकांनी भावजींना बोलावून घेतले. रुग्णाला इजा न करता स्वतःला सोडवता येईल असे काही तुम्ही शिकवू शकाल का, असे त्यांनी विचारले. भावजी घरी आले ते जिना दोन दोन पायऱ्या चढत. साठ कर्मचाऱ्यांना बारा हालचाली शिकवायच्या ठरल्या. त्यांतली मुख्य होती एकतिसावी, कारण वॉर्डात सर्वांत जास्त वेळा तेच होते: रुग्ण समोरून गळपट्टी धरतो.

शिकणाऱ्यांत एक वॉर्डातली मावशी होती. आवाजामुळे तिला सगळे तोफ म्हणत. चाळिशीची, धिप्पाड, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "सर, आम्ही नाचायला कधीच तयार आहोत, पण घुंगरं तुम्ही देणार की अधीक्षक?" भावजी म्हणाले, "आधी माझी गळपट्टी धर." तिने धरली आणि क्षणात ती सतरंजीवर होती. पडल्या पडल्या म्हणाली, "आता हे घरच्यांना नाही सांगायचं. त्यांना वाटतं मला कोणी पाडू शकत नाही." त्यानंतर मात्र तिच्याइतके मनापासून कोणी शिकले नाही. एकदा एका बाईने तिचे केस धरले तेव्हा बाविसाव्या हालचालीने ती सुटली आणि भांडारात येऊन भावजींना सांगून गेली, "सर, चालतंय बरं का तुमचं!" ते वाक्य भावजींनी मला वहीत लिहायला लावले.

मग ती दुपार आली. पुरुषांच्या वॉर्डात जेवणाची ताटे वाटताना एका तरुण रुग्णाने तिला समोरून धरले. त्याला नंतर काही आठवत नव्हते, तो बिचारा रडत होता. तोफेने हात वर नेले, उजवा पाय मागे घेतला आणि ती वळली. त्याने सोडले नाही. तो पडलाही नाही. तिची पाठ त्याच्याकडे आली आणि त्याचे सगळे वजन तिच्यावर आले. तिचा उजवा हात लोखंडी खाटेच्या दांड्यात अडकला आणि दोघे दुसऱ्या बाजूला कोसळले. मानेपासून हातात जाणाऱ्या नसा मुळातून तुटल्या. तीन डॉक्टरांनी पाहिले. हात आहे तिथे राहील, पण तो हलणार नाही, असे तिघांनीही सांगितले.

चौकशी झाली. भावजींना विचारण्यात आले, हालचालीत दोष होता की करण्यात? ते प्रामाणिकपणे म्हणाले की हालचाल शेकडो वर्षांची आहे, तिच्यात दोष नाही. बहुधा पाय पुरेसा मागे गेला नसावा. त्याखाली त्यांनी सही केली. तोफेच्या सेवापुस्तकात शेरा पडला: शिकवल्याप्रमाणे कृती न केल्याने दुखापत. वॉर्डातून तिला काढून भांडारात, भावजींच्याच हाताखाली, अभ्रे घडी करायला बसवले.

तिने शेरा वाचला आणि तो तिला पटला. हीच गोष्ट मला सगळ्यांत अवघड जाते. ती भांडारात आली त्या पहिल्या सकाळी तिने भावजींना विचारले, "सर, पाय नेमका कुठं यायला हवा होता?" भावजींनी खडूने फरशीवर दोन पावले काढून दिली. तेव्हापासून ती रोज आठ वाजता, कामाच्या अर्धा तास आधी येई. उजवा हात पदराने पोटाशी बांधलेला, डावा हात कपाळापर्यंत, आणि त्या खडूच्या पावलांवर ती वळत राही. भावजी म्हणायचे, "थोडं अजून मागे." ती म्हणायची, "उद्या जमेल." असे सात महिने चालले.

भावजींना मात्र खडूच्या पावलांचीही खात्री वाटेना. सरांच्या अगदी पहिल्या तुकडीतला एक शिंपी अजून हयात आहे असे त्यांना कळले. पाय नेमका किती मागे जायचा ते त्याला विचारावे आणि तोफेला अचूक सांगावे, म्हणून आम्ही दोघे गेलो. मी वही घेतली होती.

शिंपी ऐंशीचा, तोंडात एक दात, पण हात अजून मशीनवर चालत होता. जुने दिवस निघाले म्हणून खूश झाला. भावजींनी दुकानातल्या दुकानात एकतिसावी हालचाल करून दाखवली आणि विचारले, "काका, तुमच्या वेळी पाय एवढाच मागे यायचा की जास्त?"

शिंपी त्यांच्याकडे पाहत राहिला. "हे तुम्ही लोक अजून करता?"

"म्हणजे?"

"अरे, तिथं भिंत होती!" तो हसायलाच लागला. "सर गावाकडून आले तेव्हा त्यांची साखळी सरळच जायची, मैदानावरची होती ती. इथं त्यांना जागा मिळाली ती ही वरची खोली. तीस झाले की नाक भिंतीला. वळायचं नाही तर काय खिडकीतून उडी टाकायची?"

भावजी म्हणाले, "पण हात? हात का वर?"

"कंदील होता ना टांगलेला. भिंतीशी, अगदी डोक्याच्या वर. एकाचं कपाळ भाजलं, मग सर म्हणाले, वळताना हात वर घ्या. पाय मागे, कारण पुढे जागाच नाही." त्याने दोरा तोडला. "पहिल्या तुकडीला ते म्हणायचे, 'इथं भिंत, वळा.' पुढच्या पोरांना नुसतं 'वळा' म्हणायला लागले. मग मोठी जागा मिळाली, तरी वळणं काही गेलं नाही. मी विचारलं होतं एकदा. तर म्हणाले, आता राहू दे, सवय झाली आहे."

मी लिहायची थांबले होते. भावजींनी विचारले, "खोली बघू का?"

वर कापडाचे गठ्ठे ठेवलेले होते, मधून जाण्यापुरती वाट होती. भावजी दाराशी उभे राहिले, मूठ कमरेला लावली आणि सुरू केले. मी मनात आकडे मोजत होते. तिसाव्या हालचालीचा ठोसा भिंतीपासून चार बोटांवर थांबला. ते तसेच हात लांब करून उभे राहिले. डोक्यावर छताला एक गंजलेला आकडा होता. खालून शिंप्याने हाक मारली, "सापडली का रे भिंत?"

परत येताना बसमध्ये ते एकच वाक्य बोलले. "आणि मी सही केली."

दुसऱ्या दिवशी ते अधीक्षकांकडे गेले आणि जबाब मागे घेतो म्हणाले. अधीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतले. "तुम्ही म्हणता ते खरं धरलं, तर साठ जणांना मी चुकीचं शिकवायला लावलं असं होईल," ते म्हणाले. "प्रकरण बंद झालं आहे. भिंतीची गोष्ट वर कोण ऐकून घेणार? आणि तिचा हात काही परत येणार नाही." प्रशिक्षण गुपचूप बंद केले गेले. शेरा तसाच राहिला. भावजींनी आणखी दोन अर्ज केले. मीच ते लिहिले. पोच मिळाली, उत्तर नाही.

व्यायामशाळेतही त्यांनी सांगितले. दात गेलेला बँकेतला कारकून आता स्वतः शिकवत होता. तो म्हणाला, "सर, एकतिसावी काढली तर पुढच्या तेवीस हालचाली रस्त्यावर जाऊन करायच्या का?" कोणीतरी हसले. भावजींनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि ते घरी आले. टेबलाशी बसून त्यांनी मला बाकीच्या हालचाली वाचून दाखवायला सांगितल्या. बारावीला मला थांबवले. "खाली वाकायचं ते तुळई होती म्हणून नसेल कशावरून? किंवा सरांच्या सरांची कंबर दुखत असेल." मी पुढे वाचले. विसाव्याला पुन्हा थांबवले. मग म्हणाले, "राहू दे, वहिनी."

तोफेला सांगायचे राहिले होते. त्यांचे धाडस होईना. आठ दिवस ते रोज ठरवून जात आणि न सांगता परत येत. शेवटी मला म्हणाले, "तुम्ही चला. लिहिलं तुम्हीच आहे."

आम्ही आठ वाजता भांडारात पोचलो. उंच फळ्या, साबणाचा वास, वर एक जाळीची खिडकी. ती वळत होती. मला पाहून म्हणाली, "वहिनी, आज बघाच. काल तर अगदी पावलावर पाऊल पडलं. आणखी महिनाभरात मी सरांनाच शिकवीन."

भावजींनी सगळे सांगितले. भिंत, कंदील, शिंपी, सही, अर्ज. काही गाळले नाही. ती ऐकताना एका जागी उभी होती, डावा हात अजून कपाळाजवळ. मग तिने तो खाली घेतला.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

"नाही. तू अगदी बरोबर केलंस. तेच चुकीचं होतं."

मला वाटले होते ती ओरडेल. तिने ओरडावे असे भावजींना वाटत होते, हे मला त्यांच्या उभ्या राहण्यावरून दिसत होते. तिचा आवाज मात्र फार लहान आला.

"बाकीचं तरी खरं आहे ना, सर? बावीस नंबर? त्यानं मी सुटले होते."

"माहीत नाही," भावजी म्हणाले. "तू सुटलीस ते तुझ्या ताकदीनं असेल."

ती स्टुलावर बसली.

"माझी चूक होती ना, तोवर बरं होतं, सर," ती म्हणाली. "चूक सुधारता येते. सकाळी उठले की वाटायचं, चला, आज पाय अजून दोन बोटं मागे. घरी पोरं विचारायची, आई, आता कशाला? मी म्हणायची, जमलं नव्हतं म्हणून गेला हात, जमवून दाखवते. आता काय सांगू, भिंत होती म्हणून गेला?" ती थांबली. "आणि आठ ते साडेआठ मी काय करू?"

भावजी "मला माफ कर" म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "माफ काय करायचं त्यात, तुम्हालाही कुठं माहीत होतं," आणि हे ती इतक्या सहज म्हणाली की त्याचा काही आधार वाटेना.

वॉर्डाची घंटा झाली. धुऊन आलेल्या अभ्र्यांचा ढीग बाकावर पडला होता. तिने एक उचलला, एक टोक दातांत धरले, डाव्या हाताने दुसरे टोक ओढले आणि ती घडी घालायला लागली. भावजी पुढे झाले आणि त्यांनी लोंबणारे टोक धरायला हात केला. तिने दातांतले टोक न सोडता अभ्रा आपल्याकडे ओढून घेतला.